घुबडाची बशी

"माझे डोळे बांधा आणि मला कुठल्याही घरात नेऊन सोडा! दारात एक श्वास घेऊन सांगते, भिंतीला ओल आहे की नाही, गादीला ऊन कधी दाखवलं होतं आणि खिडकीची कडी शेवटची कुणी काढली होती!"

वसाहतीच्या सभेत खिडकीबाई असं म्हणाल्या आणि पुढच्या रांगेतल्या चार बायकांनी नकळत आपापल्या पदराचा वास घेऊन पाहिला.

खिडकीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. त्या होत्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. घरातल्या हवेत कोणते जिवाणू तरंगतात, ओल्या भिंतीवरच्या बुरशीतून कोणतं विष सुटतं, यावर त्यांनी उभी हयात घालवली होती. आजाऱ्याला बघायला गेल्या तरी आधी खिडकी उघडणार, मग "कसं वाटतंय?" विचारणार. एकदा बँकेत मॅनेजरच्या केबिनची खिडकी उघडली, तर टेबलावरचे सगळे कागद रस्त्यावर! त्या दिवशी अर्धी वसाहत मॅनेजरच्या सह्या वेचत फिरत होती.

अशा या बाईंच्या स्वतःच्या घरात मात्र एक खिडकी बंद होती. पक्की बंद. आणि त्या खोलीचं दारही ओढलेलं.

ती खोली भिंगरीची. भिंगरी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. पायाला भिंगरी घेऊनच जन्माला आली, म्हणून हे नाव. नोकरी लागली आणि ती समुद्रापलीकडे निघून गेली. जाताना खिडकी तिनेच लावली होती. बाईंनी ती पुन्हा उघडली नाही. कारण त्यांना एक गोष्ट ठाऊक होती. प्रत्येक माणसाभोवती त्याच्या स्वतःच्या जिवाणूंचा एक अदृश्य ढग असतो. माणूस घर सोडून गेलं की तो ढग विरत जातो, आणि त्याच्या जागी दुसऱ्यांचे जिवाणू येऊन बसतात. हे त्या वर्गात इतकी वर्षं शिकवत आल्या होत्या. शिकवताना फार सोपं वाटायचं.

म्हणून खिडकी बंद. संध्याकाळी नवरा फिरायला गेला की बाई हळूच त्या खोलीत शिरायच्या, दार लावून घ्यायच्या आणि लेकीच्या उशीवर डोकं टेकायच्या. खोलीत एक वास होता. गार, ओलसर, मातीसारखा. भिंगरीचा! छाती भरून तो घेतला की आपसूक ओठांवर ओळी यायच्या.

लेक माझी गेली दूर, मागं खोली ती ठेविली
तिच्या उशाशीची हवा, मी गं ओंजळी धरिली

मग त्या डोळे पुसायच्या, खोकायच्या आणि बाहेर येऊन दुसऱ्यांच्या खिडक्यांची काळजी करायला बसायच्या.

तर झालं असं, की बाईंनी वसाहतीतल्या सगळ्या घरांची हवा तपासायची ठरवली. प्रत्येक घराला एक काचेची बशी द्यायची. बशीत जिवाणूंना आवडणारा जेलीसारखा खुराक. तासभर ती खोलीत उघडी ठेवायची आणि झाकण लावून परत आणायची. हवेतलं जे काही तिच्यात पडेल, ते चार दिवसांत उगवून वर येईल. कुणाची अब्रू जाऊ नये म्हणून बशीवर नाव नाही, नुसतं पक्ष्याचं चित्र. चित्रं काढली बाईंच्या नवऱ्याने. ते चित्रकलेचे निवृत्त मास्तर. बोलणं कमी, रेघ सुंदर. पोपट काढला, बगळा काढला, कावळा काढला. शेवटी एक घुबड काढलं. ते इतकं छान जमलं, की ते त्यांनी कुणालाच दिलं नाही.

चार दिवसांनी प्रयोगशाळेत बशा मांडल्या. बाईंची सहायिका म्हणजे झाकणबाई. "झाकण लावा!" हा तिचा दिवसभराचा जप.

"पोपट ठीक आहे, मॅडम. बगळा तर धुतल्यासारखा. आणि हे घुबड... अगं आई गं!"

ती बशी कसली, गोधडीच! काळे, हिरवे ठिपके एकमेकांवर चढलेले आणि मधे खडूसारखे पांढरे गोळे.

"या घरात माणसं राहतात की ओले मोजे?" झाकणबाई म्हणाली.

बाईंनी झाकण जरासं उचललं आणि सवयीने वास घेतला. आणि काय झालं कुणास ठाऊक, त्यांचे डोळे एकदम भरून आले.

"झाकण! मॅडम, झाकण! अहो, रडताय कशाला?"

"ॲलर्जी," बाई म्हणाल्या. "फार चांगला... म्हणजे फार वाईट नमुना आहे हा." आणि त्यांनी पुन्हा एकदा वास घेतला.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये सभा. बाई नुसत्या तापल्या होत्या!

"ज्या घरात ही घुबडाची बशी ठेवली होती, त्या घरातली माणसं रोज विष हुंगताहेत! इतका निष्काळजीपणा? मी आत्ताच्या आत्ता पथक घेऊन जाणार! घुबडवाल्यांनी उभं राहावं. लाजायचं कारण नाही!" हे त्या अशा आवाजात म्हणाल्या, की बगळेवालेसुद्धा खुर्चीत खाली सरकले.

कुणी उठेना. सेक्रेटरी म्हणाले, "तळमजल्यावरचं कुणीतरी असणार."

"तळमजल्याचं नाव घ्यायचं नाही हं!" मागून आवाज आला. "तुमच्याच बाथरूमचं पाणी आमच्या भिंतीत उतरतं!"

भांडण पेटणार, तेवढ्यात शेवटच्या रांगेतून एक हात वर झाला. मास्तरांचा.

"अहो, प्रश्न नंतर घेऊ," बाई म्हणाल्या.

"प्रश्न नाही गं," मास्तर म्हणाले. "घुबड."

पथक आत्ताच्या आत्ता जाणार, असं बाई स्वतःच म्हणून बसल्या होत्या! आता मागे कसं फिरणार? पुढे बाई, मागे झाकणबाई, तिच्यामागे सेक्रेटरी, आणि त्यांच्यामागे अख्खा तळमजला, अगदी आनंदात.

भिंगरीच्या खोलीचं दार उघडलं. सेक्रेटरींनी कपाट ओढलं, तर मागची भिंत काळीकुट्ट!

"तुम्ही मला न सांगता इथे बशी ठेवलीत?" बाईंनी मास्तरांना विचारलं.

"तू खोकतेस. या खोलीतून आलीस की रात्रभर खोकतेस."

"मी कुठे येते इथे?"

"मी फिरायला जातो तेव्हा. उशीला तुझ्या डोक्याचा खळगा असतो."

बाईंनी उशीकडे पाहिलं. मग एकदम म्हणाल्या, "आणि तुम्हाला तो दिसतो कधी?"

"तू प्रयोगशाळेत असतेस तेव्हा. मीही येऊन बसतो ना."

"मग सरळ सांगायचं, खिडकी उघड म्हणून!"

"तुला?" मास्तर म्हणाले. "तुला सांगायचं, खिडकी उघड म्हणून? म्हटलं, माझं ऐकणार नाहीस, बशीचं ऐकशील."

तळमजला खो खो हसला. झाकणबाई मात्र खिडकीच्या कट्ट्यावरच्या कुंड्यांकडे बघत होती. "मास्तर, तुम्ही इथे येऊन करता काय?"

"कुंड्यांना पाणी घालतो. तिची आठवण आली की."

"किती वेळा येते आठवण?"

झाकणबाईने कुंडीत बोट घातलं, ते आत बुडालं. "यात मासे पाळता येतील!"

बाईंनी त्या कुंड्या रोज पाहिल्या होत्या. पाण्यावाचून हिरव्या कशा राहिल्या, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. त्यांना वाटायचं, भिंगरीची झाडं, तिच्यासारखीच हट्टी!

सेक्रेटरींनी खिडकीच्या कडीला हात घातला. बाई धावल्या आणि खिडकीला पाठ लावून उभ्या राहिल्या. खिडकीबाई! खिडकी अडवून!

"थांबा. एकदा उघडली की गेलं सगळं."

"काय गेलं, मॅडम?"

नेमका बाईंचा फोन वाजला. भिंगरी! पडद्यावर तिचा चेहरा उमटला. "आई? माझ्या खोलीत ही जत्रा कसली?"

"अगं, हे खिडकी उघडताहेत!" बाईंचा बांध फुटला. "तुझा वास जाईल की गं! थंड, मातीसारखा... तेवढाच तर उरलाय माझ्याकडे."

तळमजल्यानेसुद्धा मान खाली घातली.

"आई," भिंगरी हलकेच म्हणाली, "तो वास माझा नाही गं. बाबांच्या कुंड्यांचा आहे. हॉलमध्ये माती नको म्हणून तू ओरडायचीस, म्हणून ते माझ्या खोलीत ठेवायचे आणि मला म्हणायचे, तुझ्या आहेत म्हणून सांग. मला तर त्या वासाने शिंका यायच्या!"

बशीतले ते खडूसारखे पांढरे गोळे बाईंच्या डोळ्यांपुढे आले. मातीतले जिवाणू! मातीला वास येतो तो त्यांचाच. पहिल्या वर्षाची पोरंसुद्धा सांगतात. त्या धड्याच्या नोट्स बाईंनीच काढल्या होत्या. झाकणबाई मोठ्या समजूतदारपणे छताकडे बघू लागली.

"मग तुझा कसा होता गं?" बाईंनी अगदी लहान आवाजात विचारलं.

"मला काय माहीत? पण इथल्या माझ्या खोलीला कसलाच वास नाही, आई. कामावर जाताना वाटेत एका दुकानाबाहेर कुंड्या आहेत. सकाळी त्यांना पाणी घालतात. मी बस सोडून देते आणि तिथे उभी राहते. शिंकत."

बाई वळल्या आणि त्यांनी स्वतःच कडी काढली. खिडकी फुगून बसली होती. मास्तरांनी खांदा लावला, बाईंनी खांदा लावला. कर्र करून ती उघडली आणि खालचा सगळा रस्ता खोलीत आला. गाड्या, कुणाची तरी हाक, आणि सायकल दुरुस्तीवाला नवी घंटी वाजवून बघत होता, तिचा ट्रिंग ट्रिंग आवाज.

"आई! तो सायकलवाला ना? अजून आहे तो?" भिंगरी ओरडली. "फोन बाहेर धर ना! बोलू नकोस, नुसता धर."

बाईंनी हात लांब केला. घंटी वाजत राहिली. समुद्रापलीकडून कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला. शिंकेचा नव्हता तो.

बऱ्याच वेळाने बाई मास्तरांकडे वळल्या. "म्हणजे इतके महिने मी दार लावून चोरून हुंगत होते, ते तुम्हाला?"

"मी एरवी बाहेर हॉलमध्येच असतो की," मास्तर म्हणाले. "विचारायचंस!"

आता त्या घरात सगळ्या खिडक्या उघड्या असतात. कुंड्या हॉलमध्ये आल्या आहेत, बाईंच्या खुर्चीला अगदी लागून. आणि डोळे बांधून मला कुठल्याही घरात सोडा, ही गोष्ट कुणी सभेत काढलीच, तर खिडकीबाई पदराने नाक पुसतात आणि म्हणतात, "नको हो, हल्ली जरा सर्दी असते!"