जागा धरणारे मोडकभावजी

जून महिन्यात पहाटे साडेपाचला, दुबईत करामातल्या आमच्या बिल्डिंगमागच्या पार्किंगमध्ये, गुलमोहराखाली निळं प्लॅस्टिक अंथरून त्यावर ताठ मांडी घालून बसलेले एक गृहस्थ तुम्हाला दिसले, तर कृपा करून अॅम्ब्युलन्सला फोन करू नका. ते आमचे शेजारी मोडकभावजी. फुलं बघतायत.

आमच्या वॉचमनने तो फोन जवळजवळ केलाच होता.

"क्या हुआ बाबा, गिर गए क्या?"

"गिरा नहीं. बैठा हूँ. फूल देख रहा हूँ."

वॉचमनने वर झाडाकडे बघितलं, खाली भावजींकडे बघितलं, आणि गार पाण्याची बाटली आणून सरळ त्यांच्या डोक्यावर ओतली. उकाड्याने माणूस असाच बोलायला लागतो, हा त्याचा इथला अनुभव. भावजी ओल्या डोक्याने म्हणाले, "थँक यू." जपानात रागवत नाहीत म्हणे.

भावजी अकरा वर्षं जपानात होते. कुठल्याशा कारखान्यात मशिनं बसवायला. बायको आणि मुलगा इकडे चिंचवडला. निरंजन चौथीत असताना गेले, ते त्याचं इंजिनिअरिंग संपत आल्यावर परत आले. आता त्याला वीस वर्षं होऊन गेली, पण बोलणं ऐकाल तर वाटेल, परवाच विमानातून उतरलेत. मोडकवहिनी वारल्या तेव्हा निरंजन भावजींना इथे दुबईला घेऊन आला. चार वर्षं झाली, आणि चारही वर्षं आमच्या मजल्यावर ऋतू सुरू आहेत.

आता तुम्हीच सांगा, दुबईत कसले हो ऋतू? एक एसीचा आणि एक कमी एसीचा. पण भावजींना ते मान्य नाही. "सीझन आहे, वहिनी!" असं म्हणत ते बेल वाजवणार म्हणजे वाजवणार. नोव्हेंबरात पालिकेचे ट्रक येतात, माणसं उतरतात आणि सर्कलवर हजारो रोपं तयार फुलांसकट लावून जातात. संध्याकाळी तिथे वाळू असते, सकाळी वसंत ऋतू. हा ट्रक कधी येणार याची भावजींना बरोबर बातमी असते. एका वर्षी तर त्यांनी आम्हाला ट्रकसुद्धा दाखवला. "बघा, आला!" म्हणाले, आणि आम्ही सगळ्यांनी ट्रककडे भक्तिभावाने बघितलं.

जपानात म्हणे पानं लाल झाली की लोक गाड्या भरभरून डोंगरात जातात. आमच्याकडे डोंगर नाही, पण किराणा दुकानामागे बदामाचं एक झाड आहे. जानेवारीत त्याची पानं लाल होतात. झाडाखाली कचऱ्याचे चार डबे. तिथे आम्हाला ओळीत उभं करून भावजींनी दोन मिनिटं गप्प राहायला सांगितलं. आमची सात वर्षांची नात सई काही गप्प राहीना.

"आजी, इट्स जस्ट अ ट्री. अँड इट स्मेल्स."

"बाळा, जपानात वास घेत नाहीत. फक्त बघतात."

बर्फाचा ऋतू मॉलमध्ये, तिथल्या बनवलेल्या बर्फात. आत लोक भाड्याचे कोट घालून घसरतात, आम्ही बाहेरून काचेला नाक लावून उभे. ते फुकट असतं. मला तिथे एक बाई विचारून गेली, "मुलगा हरवलाय का?"

हसू येतंय ना? मलाही यायचं. पण खरं सांगू, आमच्या लोकांच्या सहली बघितल्यात का तुम्ही? दहाची बस, साडेदहाला माणसं आंघोळीला जातात. बारा वाजता "यल्ला यल्ला", म्हणजे चला चला, करत निघायचं, बसमध्ये झोपायचं, पोचल्यावर खायचं, खाल्लेल्याचे फोटो ग्रुपवर टाकायचे. वाळवंट कसं होतं विचारलं तर सांगतात, बटाटेवडे छान होते. त्यापेक्षा आमचे भावजी बरे. निदान झाडाकडे बघतात तरी.

मात्र एक गोष्ट डोक्यात जायची. जागा धरणं.

जपानात फुलं फुलली की ऑफिसातल्या सगळ्यात नव्या माणसाला सकाळीच बागेत पाठवतात. त्याने झाडाखाली प्लॅस्टिक अंथरायचं आणि संध्याकाळी बाकीचे येईपर्यंत बसून जागा धरायची. पुढच्या वर्षी दुसरा कोणी नवा येतो, मग तो बसतो. भावजी अकरा वर्षं बसले. "साहेब म्हणायचे, मोडकसारखी जागा कुणी धरत नाही!" हे ते मेडल मिळाल्यासारखं सांगतात. आमचे हे घरी आल्यावर हळूच म्हणाले, "अगं, बाहेरचा माणूस म्हणून बसवत असतील त्याला." मी म्हटलं, गप्प बसा, हे त्यांच्यासमोर बोलायचं नाही.

तर तीच सवय इथे. कुठेही जायचं असो, आमच्या आधी चार तास भावजी तिथे. ज्या पार्किंगमध्ये मांजर बसत नाही, तिथेसुद्धा ते जागा धरून बसणार. आणि दर वेळी प्लॅस्टिकच्या एका कोपऱ्यावर पाण्याची बाटली ठेवणार. "ती निरंजनची जागा." निरंजन एकदाही आला नाही. मुलगा वाईट नाही हो, पण नोकरी अशी की माणूस घरात फक्त चार्जिंगला येतो. विचारलं की म्हणायचा, "नेक्स्ट टाइम काकू, इन्शाल्ला." आपल्या माणसांच्या तोंडचा इन्शाल्ला म्हणजे सरळ नाही, हे इथल्या प्रत्येकाला कळतं.

या फेब्रुवारीत बातमी आली. निरंजनची कॅनडाला बदली. सून आणि नातू शाळेसाठी आधीच गेले, हा मार्चमध्ये जाणार. आणि भावजी चिंचवडला, एकटे. तिकीटसुद्धा काढून झालं होतं. भावजी मला जिन्यात भेटले, नेहमीसारखे ताठ.

"वहिनी, समुद्राचा सीझन आहे. शनिवारी खोर फक्कानच्या किनाऱ्यावर. निरंजन येतोय."

"नक्की?"

"या वेळी इन्शाल्ला नाही म्हणाला. हो म्हणाला."

समुद्राचा सीझन मात्र खरा. जूनमध्ये त्याच समुद्रात चहापत्ती टाकली तर चहा होईल. निरंजन बाराला पोचणार होता, म्हणून भावजी पहाटे पाचला निघणार. एकट्याला बसने कसं पाठवायचं? ह्यांनी कपाळाला हात लावत गाडी काढली. सई मागे झोपलेली. डोंगरातले बोगदे ओलांडून उजाडता उजाडता पोचलो, तर अख्ख्या किनाऱ्यावर आम्ही, एक झाडूवाला आणि लांब बंदराच्या क्रेन.

मला राहवेना. म्हटलं, "भावजी, एवढा मोठा किनारा. कोण घेणार होतं हो तुमची जागा?"

प्लॅस्टिकच्या कडांवर दगड ठेवता ठेवता ते म्हणाले, "जागा कोण घेतंय वहिनी? पण कुणीतरी धरून बसलंय म्हटलं की लोकांना यावंच लागतं. जपानात सगळे यायचे. आले की आधी मला विचारायचे, फार वाट बघायला लागली का? घरी वर्षातून एकदा जायचो. तिथे हा प्रश्न कुणी विचारला नाही. विचारायचा तर मीच विचारायला हवा होता, नाही का?"

मी सईला पोहे द्यायला लागले.

भावजींनी खिशातून वेळापत्रक काढलं. स्वच्छ अक्षरात. बारा दहा, समुद्र दाखवणे. साडेबारा, जेवण. सव्वाला, निरंजनला लहानपणी आवडायचं ते पत्त्यांचं घर. दोनला, बोलणे. पुढे काही लिहिलं नव्हतं, नुसती मोकळी जागा.

बारा वाजले. फोन आला, मीटिंग चालू आहे. शनिवारी! दोनला फोन, "निघतोच बाबा." ऊन सरकलं तसं भावजींनी प्लॅस्टिक दोनदा सावलीत ओढलं. आमची जेवणं झाली, भावजी जेवले नाहीत. आमचे हे म्हणायला लागले, "मोडक, आता खलास. आवरू या." भावजी म्हणाले, "तुम्ही निघा. मी आहे."

चार वाजता गाडी आली. निरंजन उतरला, ऑफिसच्याच शर्टात, डोळे लालभडक. येऊन बापासमोर उभा राहिला. "सॉरी बाबा. दोन रात्री झोप नाही. हँडओव्हर चालू आहे."

"जेवलास?"

"गाडीत सँडविच खाल्लं."

मग दोघं समुद्राकडे बघत बसले. बोलायचे दोन केव्हाच वाजून गेले होते. निरंजन म्हणाला, "बाबा, पाच मिनिटं पाठ टेकू?" आणि टेकली ती टेकलीच. चाळिशीचा बाप्या माणूस तोंड उघडं टाकून लहान पोरासारखा झोपला.

भावजी उठले. ऊन त्याच्या डोळ्यांवर येत होतं, तिथे जाऊन उभे राहिले, अशा बेताने की त्यांची सावली त्याच्या तोंडावर पडावी. ऊन जरा सरकलं की भावजीही जरा सरकायचे. सईने गाणं सुरू केलं तर तिला डोळ्यांनीच दटावलं. तीसुद्धा गप्प बसली, आश्चर्यच!

तिथला सूर्य डोंगराआड लवकर जातो. सावली करायची गरज संपली तरी भावजी उभेच. गार वारा सुटला. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "उठवू का त्याला? दीड तास झाला."

त्यांनी मानेनेच नको म्हटलं. मग माझ्याकडे न बघता, अगदी हलक्या आवाजात म्हणाले,

"राहू द्या वहिनी. आत्ताच तर आलाय."