श्रीवास्तवांच्या छताला पाच तारे

साहेब, श्रीवास्तवांचं छत तुम्ही गळवलंत. दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवू नका. 'देशात कुशल कारागीर नाहीत' म्हणत प्रशिक्षण केंद्रं तुम्ही काढलीत, आणि 'प्रमाणपत्रवाला कामगारच आत घ्या' हे पत्रकही तुमचंच. लखनौच्या अमौसीकडच्या एका सोसायटीने ते इमानदारीने गेटवर चिकटवलं. पुढचं ऐका.

त्या सोसायटीत धनंजय शिराळकर राहतो. बँकेत आहे, साताऱ्याहून बदलीवर आलेला. गुरुवारी सकाळी खालच्या मजल्यावरचे श्रीवास्तव बनियनवरच त्याच्या दारात उभे राहिले.

"शिराळकर जी, आपके बाथरूम ने हमारे ड्रॉइंगरूम की छत पर नक्शा बना दिया है. इतवार को बिटिया की गोदभराई है. लड़केवाले बिटिया देखेंगे कि छत?" गोदभराई म्हणजे तिकडे लग्नाआधी मुलाकडच्यांनी येऊन मुलीची ओटी भरणं.

गळत होता तो टाकीवरून खाली येणारा, भिंतीतला मोठा पाईप. वरून बंद करावा तर चारही मजले कोरडे.

"इकरार मियाँना बोलवा," धनंजयची बायको लतिका म्हणाली. "या बिल्डिंगचे पाईप त्यांनीच टाकलेत."

इकरार मियाँ आले आणि गेटवर अडले.

"ऐप में नाम नहीं है, चचा," गार्ड म्हणाला. सोसायटीच्या अ‍ॅपमध्ये फक्त प्रमाणपत्रवाल्यांची नावं.

"अमाँ, पाइप दीवार में है. ऐप में मुझे ढूँढके क्या करोगे?"

गार्ड हलला नाही. मियाँ समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले. धनंजयने अ‍ॅपवर तक्रार टाकली. दोन तासांनी प्रमाणपत्रवाला प्लंबर सौरभ आला. इस्त्रीचा गणवेश, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट. पिशवी नाही. त्याने भिंतीचे चार फोटो काढले.

"सर, ये लीकेज है."

"ये तो नीचेवाले सुबह ही बता गए, भैया," लतिका म्हणाली. "पाइप कभी खोला है?"

"पेपर में खोला है, मैडम. फर्स्ट क्लास आया था. सेंटर में पाइप आए ही नहीं, टेंडर अटका था. वीडियो दिखाते थे." मग त्याने मान खाली घातली. "मैं अपने उस्ताद को फोन लगा लूँ?"

उस्तादांचा चेहरा स्क्रीनवर आला. मागे चहाचं पातेलं उकळत होतं. ते इकरार मियाँ होते.

"हर दूसरे दिन इन्हीं से पूछता हूँ," सौरभ हळूच म्हणाला.

धनंजयने माळ्यावरचा गंजका पाना काढून दिला. दोन फरश्या फुटल्या, पाईप दिसला.

"अब धीरे से बाएँ घुमाओ, बेटा."

"किसका बायाँ, चचा? मेरा कि पाइप का?"

मियाँ उत्तर देईपर्यंत पाईपच्या वळणावरचा एल्बो तडकला. पाणी सौरभच्या फर्स्ट क्लासवरून वाहत बाहेर आलं. धनंजय भिंतीला टॉवेल दाबून उभा राहिला. खालून श्रीवास्तवांचा आवाज आला, "अरे भाई, अब तो नक्शे में गोमती भी आ गई!"

पण माणूस हुशार. धावत गेटवर गेले आणि त्यांनी अ‍ॅपवर मियाँच्या नावाचा पाहुण्यांचा पास काढला. कारण: गोदभराई. मियाँ आत आले, पिशवी अडली. पाहुण्याला हत्यारं आणता येत नाहीत. मग सौरभ खाली जाऊन पिशवी घेऊन आला. त्याच्याकडे प्रमाणपत्र होतं, त्याला कुणी काही विचारलं नाही.

मियाँनी तडकलेल्या जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून तार पिळली. बारा मिनिटांत पाणी थांबलं.

"एल्बो पुराने नाप का है," ते पायजमा पिळत म्हणाले. "अमीनाबाद के बाज़ार में ढूँढना पड़ेगा. शनिचर को लगा दूँगा. पट्टी दो दिन चलेगी. तीसरे दिन का हाल पट्टी से पूछिएगा."

आता तक्रार मिटवल्याशिवाय गेट सौरभला बाहेर सोडेना. अ‍ॅपवर पर्याय दोनच होते: 'काम पूर्ण' आणि 'कामगार आलाच नाही'. सौरभ ओल्या गणवेशात कुडकुडत होता. धनंजयला दया आली. त्याने 'काम पूर्ण' दाबलं. तारे दिल्याशिवाय पान पुढे जाईना, म्हणून पाच तारेही दिले.

"पाच?" लतिका म्हणाली. "सायकलच्या ट्यूबला?"

शनिवारी दुपारी मियाँ एल्बो घेऊन आले. गार्डने हात आडवा केला.

"चचा, आप मेहमान बनके गए थे और भीगा पायजामा लेके निकले. कैमरे में है. कमेटी ने मना किया है."

धनंजय सेक्रेटरीकडे गेला. सेक्रेटरी म्हणाले, "ऐप से आइए." अ‍ॅप म्हणालं, या पाईपची दुरुस्ती उत्तम झाली आहे, नवी तक्रार तीस दिवसांनी करावी. मग धनंजयने सौरभला फोन लावला.

"अंकल, स्टेज के पीछे हूँ," सौरभ कुजबुजला. "सेंटरवाले सत्कार कर रहे हैं. बारह मिनट में लीकेज बंद किया, इसलिए."

"अरे, तू किया क्या?"

"मैंने बोला इनको, इकरार चचा ने किया. बोले, उनका रजिस्ट्रेशन नंबर बताओ. नंबर लेने गया तो बोले, पहले दसवीं की मार्कशीट लाओ. चचा तो पाँचवीं तक हैं. सोमवार से मुझे ट्रेनर बना रहे हैं, अंकल."

"क्या सिखाएगा?"

"वही वीडियो. माला पहना रहे हैं. रखता हूँ."

साहेब, आता संध्याकाळचे पाच वाजलेत. श्रीवास्तव स्टुलावर उभे राहून छत चाचपतायत आणि हात बनियनला पुसतायत. खाली गाद्या घालून झाल्यात, हलवायाकडून मिठाईचे डबे आलेत. मुलगी आत मेंदीचे हात वाळवत बसली आहे, आणि दर पाच मिनिटांनी बापाला विचारते, "पापा, टपका?" गेटबाहेर साठीचा एक माणूस कागदात गुंडाळलेला एल्बो घेऊन उभा आहे. बारा मिनिटांचं काम आहे.

उद्या अकराला मुलाकडचे येणार. या माणसाला आत कोण सोडणार? नाव सांगा. आणि अ‍ॅपवर कळवू नका. गेटवर या, इकरार मियाँसमोर उभे राहा, आणि बोला.