कांबळेकाकांची अमानत

शोकेसमध्ये लोक काय ठेवतात? शिंपल्यांची बदकं, प्लास्टिकची फुलं, पाहुण्यांसाठी राखलेले आणि पाहुण्यांनाही कधी न दिलेले कप. आमच्या शेजारच्या कांबळेकाकांच्या शोकेसमध्ये एक करवत होती, एक रंधा, दोन पकडी आणि नळाचा पाना. प्रत्येक हत्याराला सुतळीनं चिठ्ठी बांधलेली. चिठ्ठीवर टपोऱ्या अक्षरांत हत्याराच्या मालकाचं नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. त्यातला जुना जिल्हा खोडून वर ‘लातूर’ लिहिलेलं. लातूर जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते आणि काका अशा बाबतीत काटेकोर.

मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा हे बघून चाटच पडले. “काका, जप्ती केली की काय कुणावर?”

“जप्ती न्हाई ताई,” शोकेसची काच धोतराच्या सोग्यानं पुसत ते म्हणाले, “अमानत हाय. ज्याची त्यानं येऊन घेऊन जायची.”

काका पोस्टमन म्हणून रिटायर झालेले. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी सासरी. घरात ते, बुद्धाची एक छोटी मूर्ती आणि ही अमानत. शिवाय एक सायकल. तिला कुलूप लावून किल्ली खिशात टाकल्याशिवाय ते दोन पावलंसुद्धा टाकत नसत.

आता माझं सांगते. मी नव्या कलेक्टर कचेरीत कारकून. आमचे हे मुदखेडला रेल्वेत, रविवारी येणार आणि रविवारीच जाणार. लातुरात मी आणि सासूबाई. बदली झाली, अंगात जोर होता, मी घर घेऊन टाकलं. एका मास्तरांनी भर दुष्काळात बांधलेलं आणि बदली झाली म्हणून विकलेलं. आमच्या दोन्हीकडच्या खानदानात पहिलंच स्वतःचं घर! वास्तुशांत मागाहून सवडीनं करू म्हणून आम्ही राहायलाही आलो. आठ दिवसांत स्वयंपाकघराच्या छताची एक खपली सासूबाईंच्या वरणात पडली.

वर जाऊन पाहिलं तर स्लॅबला या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर. सासूबाई म्हणाल्या, “पाऊस कुठंय गळायला? राहू दे.” पण मला काही ते पटेना. वास्तुशांतीची तारीख काढली होती, सगळं गणगोत येणार होतं, आणि त्यांच्या पानांत खपल्या वाढायची माझी तयारी नव्हती.

पण गवंडी मिळेल तर शपथ. जिल्हा झाल्यामुळं कचेऱ्या, बंगले, क्वार्टर्स अशी सगळी बांधकामं एकदम निघालेली. थापी धरता येणारा जो तो सरकारी कामावर. म्हणजे माझ्याच ऑफिसची भिंत बांधायला माझाच गवंडी पळवलेला. शेवटी एक गफूर मिस्त्री सापडले. आले, वर बघितलं, “च्च च्च” केलं, दोन कप चहा प्याले आणि “कल सुबू आतूं भाभी” म्हणून गेले. त्यानंतर अठरा सकाळी उगवल्या, पण त्यांची ‘कल सुबू’ काही उगवली नाही.

एकोणिसाव्या दिवशी कंपाउंडच्या भिंतीपलीकडून कांबळेकाकांनी विचारलं, “ठेवून घेतलं का काय?”

“काय ठेवून घेतलं?”

“मिस्त्रीचं हत्यार. तुम्ही चहा पाजला आन् तसंच सोडलं. आता चहा बी गेला आन् मिस्त्री बी.”

त्या दिवसापासून माझं घर काकांनी हातात घेतलं. त्यांचा सिद्धांत असा, की कारागीर कधी बेपत्ता होत नसतो, त्याचा नुसता पत्ता बदलतो. आणि पत्ता म्हणजे काकांचा प्रांत. कुणाची मेहुणी कुठं दिली, कुणाला कुठल्या गावाहून मनीऑर्डर यायची, सगळं तोंडपाठ. माझं दार बसवणारा सुतार चौकट अर्धवट टाकून पळाला, तेव्हा काका मिनिटभर डोळे मिटून उभे राहिले. “पंचमी जवळ आली. ह्याच्या सासऱ्याचं कार्ड पंचमीच्या आधी यायचंच. अहमदपूर, जुन्या शाळेमागं.” दुसऱ्या दिवशी एसटीनं अहमदपूरला गेले आणि सासरी धपाटे खाणाऱ्या त्या सुताराला घेऊन दुपारच्या गाडीनं परत. येताना त्याचा रंधा स्वतःच्या काखेत.

गफूर मिस्त्री तर सरकारी क्वार्टर्सच्या पायाडावरच सापडले. काकांनी त्यांच्याशी हुज्जत घातली नाही, नुसता त्यांचा ओळंबा मागून घेतला. ओळंबा म्हणजे भिंत सरळ आहे का ते पाहायला गवंडी दोरीला बांधून सोडतो ते वजन. मिस्त्रींचा पितळी होता, वडलांच्या वेळचा.

“थापी का नाही घेतली?” मी विचारलं.

“थापी घेतली तर त्याचं पोट बंद पडतंय ताई. आपल्याला माणूस पायजे, त्याची उपासमार न्हाई. थापी काय, बाजारात कुठली बी मिळती. ओळंबा हाताला बसलेला आसतो. त्याच्यापायी येतोच.”

आणि आलेच. दुसऱ्याच दिवशी, दोन बिगारी घेऊन. चीर फोडली, भरली, वर नवा कोबा केला. पण कोब्याला आठ दिवस पाणी मारायला हवं, आणि पाणी कुठं होतं? टँकर दोन दिवसांआड यायचा, घराला चार घागरी. मास्तरांचा स्लॅब चिरला होता तोही याच पायी.

काकांनी हुकूम काढला. छतावर गोणपाट अंथरायचं आणि घरातलं पाणी खाली सोडायचंच नाही. तांदळाचं धुवण, भाज्यांचं पाणी, आंघोळीचं पाणी, सगळं वर. आंघोळ परातीत बसून. मिस्त्रींनी वरून बजावलं, “साबन नक्को भाभी, शिमिट बिगडता.” झालं! आठ दिवस आम्ही दोघी बिनसाबणाच्या. पाचव्या दिवशी ऑफिसात शेजारच्या मोरेबाईंनी खुर्ची खिडकीकडे सरकवली, मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. सासूबाई तर आयुष्यात पहिल्यांदा परातीत बसल्या होत्या. त्या मला काही म्हणाल्या नाहीत, परातीला म्हणाल्या.

काका रोज सकाळी स्वतःच्या आंघोळीची बादली घेऊन बाहेरच्या शिडीनं वर चढायचे. सत्तरीच्या घरातला माणूस. गोणपाट चिंब करून, हात लावून बघून, शिडीनंच खाली. मी भिंतीवरून चहाचा कप द्यायची, ते भिंतीपलीकडे उभ्यानं प्यायचे.

आठ दिवस झाले. कोबा असा बसला की वर पापड वाळवावेत. मिस्त्री ओळंबा मागायला गेले तर काका म्हणाले, “काम व्हायचंय आजून.”

मी तरातरा त्यांच्या घरी गेले. “काका, काय राहिलंय आता?”

“मिस्त्री घरात आला न्हाई.”

“नाही कसा? दोन आठवडे घरातच तर होता!”

“ते कामाला. बसायला कुठं आलाय? वास्तुशांतीला पयली पंगत मिस्त्रीची आन् बिगाऱ्यांची. आत, त्या स्लॅबखाली. जेवला की त्याचा ओळंबा त्याच्या हातात.”

माझं डोकंच फिरलं. आमच्याकडची रीत ठरलेली. आधी भटजी, मग नातलग, आणि मजुरांना संध्याकाळी अंगणात लाडवाच्या पुड्या. सासूबाईंना काय सांगू? मुदखेडच्या चुलत सासऱ्यांना बाहेर ताटकळत ठेवू? मी तोंडाला येईल ते बोलले. शेवटी मी म्हणाले, “घर माझं आहे काका. तुमचं काय जातंय?”

हे बोलायला नको होतं. पण काका चिडले नाहीत. खाली बसून त्यांनी शोकेसचा सगळ्यात खालचा कप्पा उघडला. आत एक चुंबळ होती. ओझं वाहताना डोक्यावर ठेवतात ती फडक्याची गोल वळकटी. काळपट, माती खाऊन कडक झालेली. हिला चिठ्ठी नव्हती.

“माझ्या बाची. बा गवंडी न्हवता, बिगारी. त्याला कुठलं आलंय हत्यार? हीच. गावात एका मोठ्या माणसाचं घर बांधून ऱ्हायले होते, दोन उन्हाळे बानं चिखल तुडवला, पाट्या वाहिल्या. घर पुरं झालं त्या दिशी ही आत ऱ्हायली, भिंतीच्या कडंला. दुसऱ्या दिशी आम्ही आणाया गेलो. मी हात धरून. दारातूनच म्हनले, ‘थांब तितंच, शांत झाली घराची.’ आन् काठीनं बाहीर लोटली ही.”

त्यांनी चुंबळीवरून बोट फिरवलं.

“भिंती बाच्या, आन् बाला आत याया बंदी. तवापासून म्हनतो, ज्याचं हत्यार हाय त्यानं ते आत बसून घ्यावं. तेवढ्यासाठी ही अमानत, ताई. बाकी काय न्हाई.”

मी घरी आले. सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या गहू निवडत होत्या, निवडतच राहिल्या. मी मनातल्या मनात भांडणाची तयारी करून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाल्या, “पहिल्या पंगतीला मीच वाढीन. पण गरम पुरणपोळ्या त्यांच्याच पानात जातील. भाऊजींना गार मिळाल्या म्हणून मला कुणी बोलायचं नाही.”

रविवारी गफूर मिस्त्री इस्त्रीचा पायजमा घालून आले. दोन्ही बिगारी केसांना तेल लावून. दारातच घुटमळले, कामाच्या वेळी दहादा आलेलं घर असून. सासूबाईंनी “या, आत या, पोळी गार होतीय” म्हणून आत घेतलं. मिस्त्री पाटावर बसले आणि पहिल्या घासाआधी वर छताकडे बघितलं. चुलत सासरे ओसरीवर घसा खाकरत होते, त्यांना खाकरू दिलं.

पंगत उठली. मिस्त्री बाहेर आले. फाटकाशी काका सायकल धरून उभे होते. ओळंबा फडक्यात बांधून आणलेला, तो त्यांनी मिस्त्रींच्या हातात दिला आणि सायकल वळवायला लागले.

“काका, अहो जेवायचं नाही का?”

“ऱ्हाऊ द्या ताई. गर्दी हाय. द्या भिंतीवरून, तिकडं खातो.”

भिंतीवरून! दोन महिने हा माणूस माझ्या घरासाठी पळत होता. सुतार धरला, मिस्त्री धरला, स्वतःच्या आंघोळीचं पाणी छतावर नेऊन ओतलं. शिडी बाहेरून, चहा भिंतीवरून, बोलणं फाटकातून. त्यांच्या घरी मी पन्नासदा जाऊन आले. आणि माझ्या घराचा उंबरा त्यांनी एकदाही ओलांडला नव्हता. मी कधी ‘येऊ नका’ म्हटलं नव्हतं, खरं आहे. पण ‘या’ तरी कधी म्हटलं होतं? मला माझीच इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं. आता नुसतं ‘या’ म्हणून भागणार नव्हतं.

“काका, दही कमी पडलंय,” मी म्हटलं. “यांना गोलाईच्या बाजारापर्यंत पाठवते. सायकलची किल्ली द्या जरा.”

त्यांनी सायकल भिंतीला लावली, सवयीनं कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. मी ती घेऊन थेट स्वयंपाकघरात गेले, फळीवर मिठाच्या बरणीशेजारी ठेवली आणि परत आले.

“दही भरपूर आहे. किल्ली आत फळीवर आहे. अमानत आहे, काका. ज्याची त्यानं आत येऊन घ्यायची.”

काका फाटक उघडून आले. पायरीशी वहाणा काढल्या, त्या जुळवून ठेवल्या, परत एकदा जुळवल्या, आणि चौकटीला हात लावून आत आले. सासूबाईंनी पाट मांडला. काका बसले, मान वर केली आणि कोरड्या, अखंड छताकडे बघत म्हणाले, “बरा बसलाय की कोबा.”

चार पोळ्या खाल्ल्या, वर कटाची आमटी मागून घेतली. मग चुलत सासऱ्यांना मुदखेडच्या पोस्टाचा कारभार कसा बिघडला ते सांगत संध्याकाळपर्यंत बसले. किल्ली मागायची काही त्यांना आठवण झाली नाही. मीही केली नाही.