सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी

"पोरगी घाबरट आहे हे बघूनच केली. तिच्या घाबरण्यावर आमच्या वहिनीचे गुडघे चालतात," असं शकूआत्या फोनवर कुणाला तरी सांगत होत्या. पापडांचं ताट घेऊन गच्चीकडे निघालेली ऋजुता दाराआड थांबली. तिला लागलं ते 'घाबरट'. बाकीच्यात नवल नव्हतं. कृष्णाकाठच्या त्या गावात सासूला आमवात असला की सून अशीच बघून करतात. माणूस घाबरलं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून रस सुटतो, आणि एका छपराखाली सुनेचा रस सासूला लागू पडतो, हे तिच्या माहेरीही ठाऊक होतं. पण स्थळ आलं तेव्हा 'मुलगी शांत हवी' एवढंच म्हटलं होतं.

आता घरातल्या रीती तिला उलगडल्या. सासरे, आप्पा, दुपारी स्वयंपाकघराच्या दारात येऊन नुसते उभे राहत आणि "असू दे" म्हणून निघून जात. आत्यांच्या हातून ताट पडे ते नेमकं तिच्या पाठीमागे. नवरा, निहाल, ऑफिसातून फोन करी, "संध्याकाळी जरा बोलायचंय," आणि संध्याकाळी भाजीची चव सोडून कशावर बोलत नसे. दिवसभर तिचा जीव टांगणीला.

सासूबाई मात्र सकाळी बोटं मिटून-उघडून बघत आणि म्हणत, "आज सूज नाही गं." मग ऋजुतालाही बरं वाटे. खरी पंचाईत तीच होती.

विळीवर कापलेलं तिचं बोट भरेना. पू धरला, तशी ती एकटीच डॉक्टर हेरवाड्यांकडे गेली.

"सासूबाईंना आमवात?" त्यांनी बोट बघताच विचारलं.

"हो."

"मग बरोबर आहे. हा रस अंगातल्या पहारेकऱ्यांना गप्प बसवतो. त्यांचे पहारेकरी आपल्याच सांध्यांना चोर समजून बडवतात, त्यांना गप्प केलेलं बरं. पण तुमचेही गप्प बसलेत, आणि तुमच्या बोटात चोर खराच शिरलाय."

"मग मी काय करू?"

"औषध देतो. पण घाबरणं कमी झाल्याशिवाय हे भरायचं नाही. असंच राहिलं तर बोट जाईल."

"आणि आईंचं?"

"ते घरचे ठरवतील," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

बोट आपलं आहे, हे तिने वाटेत स्वतःला दोनदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने घाबरणं बंद केलं. ताट पडलं, तिने वळूनही पाहिलं नाही. आप्पा दारात आले तर "काय हवंय?" असं विचारलं, आप्पांना काय हवंय ते आठवेना. निहालचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "आत्ताच बोला की." त्याने गडबडून फोन ठेवला.

संध्याकाळी सासूबाई देवघरापाशी कोसळल्या. नुसत्या गुडघ्यांचं नव्हतं. अंग गार, घामाने चिंब, नाडी लागेना.

"घरात रस आयता येतोय म्हटल्यावर वहिनीच्या ग्रंथींनी कधीच काम सोडलंय," आत्या ऋजुतावर ओरडल्या. "एकदम बंद करतात का असं?"

सासूबाईंचा पांढरा चेहरा बघून ऋजुता घाबरली. मनापासून घाबरली. आणि सासूबाईंनी डोळे उघडले, उठून बसल्या, चहा मागितला.

घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. "झालं, सून लागली लाईनीला," आप्पा म्हणाले. निहालने तिच्याकडे कृतज्ञतेने पाहिलं. बोट ठणकत होतं, त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

चहा झाल्यावर, लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच, ऋजुता कुणी न विचारता बोलली.

"मी उद्यापासून घाबरणं कमी करणार आहे. एकदम नाही, रोज थोडं थोडं. तेवढं तेवढं तुम्ही वाढवायचं, आई. तुमच्या ग्रंथींना काम हवंय. आधी जमणार नाही, तर सुरुवातीला मला घाबरलात तरी चालेल."