पुतळा हलत न्हाय

पुतळा कुणाचा, याच्याशी आमच्या बिरूतात्यांचं काही देणंघेणं नव्हतं. ते पुतळ्याचा फक्त हात बघायचे. जयंतीला सगळे पुढून हार घालायचे आणि तात्या मागं उभं राहून, एक डोळा झाकून, त्याचं बोट कुठं जातंय ते बघत बसायचे. लोकांना वाटायचं, म्हातारं भाविक हाय. कसलं भाविक आणि कसलं काय.

लासुर्ण्याच्या स्टँडसमोर माझं शिवणकामाचं दुकान, आणि दुकानामागं तात्यांचं घर. मेंढरं विकून त्यांना जमाना झाला होता. खांद्यावरची घोंगडी तेवढी राहिली होती. घरात दुसरं माणूस नाही, त्यामुळं सगळा वेळ माझ्या डोक्याला. गावात नुकतं केबल आलं होतं. लोक संध्याकाळी टीव्हीपुढं बसायचे, आणि हा गृहस्थ माझ्याकडं बटणं मागायला यायचा.

"टेलर, तुटकी दिऊ नगंस. खजिना हाय त्यो."

खजिना म्हणजे वनस्पती तुपाचा रिकामा डबा. असे तीन डबे तात्यांनी तीन पुतळ्यांखाली लपवले होते. इंदापूरच्या अलीकडं एक दगडी जवान उभा आहे, त्याची बंदूक आमच्याकडं रोखलेली. बारामतीच्या बाजूनं आलं की भवानीनगरला शेतकरी-जोडपं, त्यातल्या बाईचा विळा आमच्याकडं. आणि शेवटचा आमच्या फाट्यावरचा फेटेवाला. त्याचं बोट थेट तात्यांच्या दारात. हातामागनं जायचं, डबा हुडकायचा, त्यातली एक वस्तू घ्यायची, आपली एक घालायची. फेटेवाल्यापर्यंत आलेला माणूस तात्यांच्या अंगणात पोचायचा आणि विचारायचा, "खजिना कुठाय?"

"आलास न्हवं? मग बस. च्या पी."

झाला खेळ. एवढ्यासाठी माणसं उन्हातान्हात फिरायची, याचं मला हसावं का रडावं कळायचं नाही. पण सुरुवातीला सगळ्यांना नाद लागला. कॉलेजची पोरं सायकली हाणत यायची. एक कंडक्टर तर गाडी उभी करून जवानाखाली हात घालायचा, आणि प्याशिंजर खिडकीतनं विचारायचे, काय गावलं? कंगवा, गोटी, काजळाची डबी, माझी बटणं.

मग व्हायचं तेच झालं. लोक घ्यायला लागले, घालायचं विसरले. एकानं तर डबाच नेला. आपल्या लोकांचा मला भयंकर राग येतो, पण तात्यांना कधी आला नाही. त्यांनी दुसरा डबा ठेवला.

"तात्या, लुटत्यात तुमाला."

"लुटू दी. डबा गेला तर गेला. पुतळा हलत न्हाय."

हे त्यांचं पालुपद. पाऊस पडला नाही, पुतळा हलत न्हाय. निवडणुकीत कोण पडलं, पुतळा हलत न्हाय. ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

एकदा त्यांच्याबरोबर मी फाट्यावर गेलो. तात्यांनी डबा काढला, तळापर्यंत बोटं फिरवली, नाकाशी नेला, आणि "न्हाय" म्हणून झाकण लावलं. मी वैतागलोच. "आवो, पण हुडकताय काय?"

"लोकर," तात्या म्हणाले. "म्हाकूला नाद हुता. हातात यील त्याला लोकर गुंडाळायचा."

म्हाकू त्यांचा धाकटा भाऊ. जन्माचा मुका. सगळं बोलणं हाताच्या खुणांनी. मेंढरं घेऊन कोकणात उतरताना तात्या पुढं असायचे आणि म्हाकू मागनं. जिथं वाट फुटंल तिथं पुढच्यानं दगडावर दगड ठेवून खूण करायची, मागच्यानं ती बघून वळायचं. असंच एका फाट्यावर तात्यांनी खूण केली आणि पुढं गेले. मागनं कुणाचा तरी कळप आला, दगड पांगले. म्हाकू दुसऱ्या वाटेला लागला. त्याला गाव सांगता येईना, आणि तात्यांना तो कधी गावला नाही.

"दगुड हालला, टेलर. म्हणून पुतळं धरलं. त्याला वाचता येत न्हाय, पर हात कळतुय."

मी घरी आलो आणि त्या दिवसापासनं चांगली बटणं द्यायला लागलो.

पुढं रस्ता रुंद करायला माणसं आली. फेटेवाल्याला दोरखंड बांधून उचललं आणि पलीकडच्या अंगाला नव्या चौथऱ्यावर बसवलं. चौथरा चांगलाच झाला, फरशीबिरशी लावली. पण येणाऱ्या-जाणाऱ्याला तोंड दिसावं म्हणून पुतळा फिरवून बसवला. बोट आता उसात.

तात्या बघत राहिले. मग मातीतच बसले. मला वाटलं, संपलं हे माणूस.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर फाट्यावर गर्दी. जुन्या चौथऱ्याच्या खड्ड्याशेजारी तात्या स्वतः उभे. घोंगडी खांद्यावर, उजवा हात वर, बोट घराकडं. लोक हसत होते. कुणीतरी चेष्टेनं त्यांच्या गळ्यात झेंडूची माळ घातली, तीही त्यांनी घालू दिली. आता रोज उभं राहणार म्हणून सांगत होतं म्हातारं.

लोकांची हसायची हौस फिटली आणि जो तो घरी गेला. मी चहा घेऊन गेलो, चांगलं फैलावर घ्यायचं म्हणून. "तात्या, बास आता. न्हाय यायचा त्यो."

तात्यांनी ऐकलं. कपाकडं बघितलं, पण हात खाली घेतला नाही.

"हात भरून आलाय रं. वाईच जाऊन येतो झाडामागं. तवर तू धर."

आता फाट्यावर, भर दिवसा, गळ्यात टेप घेऊन? मी इकडं तिकडं बघितलं आणि हात वर केला.

"जरा डावीकडं," जाता जाता तात्या म्हणाले. "हां. दारात धर. त्याला इचारता येत न्हाय."

तेवढ्यात इंदापूरची गाडी आली. मी बोट सरळ धरलं आणि उतरणाऱ्यांची तोंडं बघायला लागलो.