कांद्याची मुळं विचारेनाशी झाली

तालुक्याच्या कॉलेजात कांद्याची मुळं रोज सकाळी दोन होण्याची परवानगी मागत, आणि ती देण्याचं काम प्रयोगशाळेतल्या दामू चौरे यांच्याकडे होतं. सगळे त्यांना आबा म्हणत.

पाण्यानं भरलेल्या ग्लासांच्या तोंडावर कांदे बसवलेले असत. मुळं खाली लोंबत. टोकातली एकेक पेशी बारीक आवाजात विचारी, "दोन होऊ?" आबा सावकाश म्हणत, "व्हा." मग पेशी दोन होई, मूळ वाढे. आबांचं बोलणं संथ, म्हणून मुळं जरा उशिरा वाढत. पण कुणाची तक्रार नव्हती.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी एकाही मुळानं विचारलं नाही.

"व्हा की," आबा आपणहून म्हणाले. काही झालं नाही.

"अर्जच आला नाही तर मंजूर काय करणार?" वनस्पतिशास्त्राच्या देवरे मॅडम म्हणाल्या. सुट्टीआधी त्यांनीच ग्लासांत निंबोळी अर्क घातला होता. कीड मारणारा अर्क मुळांना काय करतो, ते त्यांना बघायचं होतं. त्यांनी एक मूळ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि बराच वेळ मान वर केली नाही.

"पेशी दोन व्हायला निघाल्यात, आबा. पण मध्येच थांबल्यात. ना एक, ना दोन."

आबांनी अर्काच्या रिकाम्या डब्याकडे पाहिलं.

त्यांची लेक शेवंता गरोदर होती, माहेरी आली होती. पोटातलं बाळही सकाळी तसंच विचारी, आणि घरातल्या वडीलधाऱ्यानं हो म्हणायचं अशी रीत होती. आज ते बोललं नव्हतं. झोपलं असेल, असं म्हणून आबा कामावर आले होते. पण पाडव्याची कडुलिंबाची गोळी त्यांनीच केली होती. दारातला लिंब रस्ता रुंद करताना गेलेला. पाला नाही तर नाही, म्हणून त्यांनी डब्यात उरलेला अर्क घरी नेला, गुळात कालवला आणि लेकीला आपल्या हातानं भरवला.

"मॅडम, हे उतरतं का?"

"साध्या पाण्यात ठेवून बघायचं. कधी उतरतं." त्या थांबल्या. "कधी नाही."

आबा घरी पोचले तेव्हा शेवंता उंबऱ्यात शेंगा सोलत होती. "अगंबाई! आबा, तुम्ही आणि पळताय?"

"बाळ बोललं?"

"नाही ना. तुमच्यावर गेलंय. बोलायला वेळ लागतो त्याला."

आबांनी तांब्या भरून पुढे केला. ती प्यायली. दुसरा भरला. तिसऱ्याला तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचं हसू गेलं. काय घातलं होतं गोळीत, ते आबांनी सांगितलं. ती पाणी पीत राहिली.

उन्हं कलली. आबा तिच्या पोटाजवळ कान नेऊन बसले होते. आत चुलीतल्या राखेसारखं सगळं शांत होतं.

मग आतून कुणीतरी घाबरत विचारलं, "कडू गेलं का?"

आबांच्या बोटांना अजून वास येत होता. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"गेलं, बाळा."

शेवंतानं तांब्या खाली ठेवला.

"दोन होऊ?"

"व्हा," आबा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा इतक्या घाईनं.

तेव्हापासून परवानगी देताना ते हात पाठीमागे ठेवतात.