शेंग वाजेपर्यंत

माझे सासरे फोटोवरून कुणालाही ओळखत नाहीत. लग्नाचा अल्बम पुढे केला की हात पाठीमागे बांधतात आणि म्हणतात, "प्रत्यक्ष भेट घालून द्या." एकदा मी त्यांना त्यांच्याच साठीचा फोटो दाखवला. "असेन बुवा," म्हणाले.

आम्ही नवराबायको दोघंही त्यांना बाबाच म्हणतो. त्यांचा सगळा जन्म बोटीवर गेला. चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त झाले आणि इंजिनांवरचं प्रेम झाडाझुडपांवर वळवलं. अधूनमधून पुण्याहून आमच्याकडे परदेशात, बुकित बातोकच्या फ्लॅटवर येतात. एअरपोर्टवर बाहेर आले की माझ्या बायकोपासून, म्हणजे स्वतःच्या लेकीपासून, दोन पावलांवर थांबतात आणि तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळतात. मेघनानं "बाबा" अशी हाक मारली की मगच पुढे होतात. "मी काय बॉयलर आहे का तपासायला?" असं म्हणून ती दर वेळी चिडते.

गेल्या खेपेला चूक माझी झाली. चांगी बिझनेस पार्कमध्ये माझ्या ऑफिसमागे थोडी रेताड मोकळी जागा आहे. तिथे कमरेएवढं एक झुडूप पिवळ्या फुलांनी भरलंय, असं मी बोलून गेलो. वर शहाणपणा म्हणजे मोबाइलवर फोटो दाखवून ॲपनं सांगितलेलं नावही वाचून दाखवलं.

"मंदारराव, फोटो बघून सोयरीक जुळवायचे दिवस गेले," बाबा म्हणाले. आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्याबरोबर निघू लागले. बुकित बातोक ते चांगी म्हणजे बेटाचं एक टोक ते दुसरं टोक. एमआरटीच्या गाडीत हे खिशात भिंग, टूथपिकं आणि मांडीवर वही घेऊन बसणार.

"कूळ वाटाण्याचं," त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं. "बघा, वर शीड, बाजूला दोन पंख, खाली होडी. आता इंजिन रूम उघडू." टूथपिकनं होडी उकलली. आत दहा पुंकेसर, सगळे एका नळीत बांधलेले. पाचांची टोकं लांबुडकी, पाचांची गोल. बाबांचा चेहरा असा खुलला, की जणू बंद पडलेला पंप सुरू झाला. "खुळखुळ्याच्या गोतातला दिसतोय."

"मग लिहा ना वहीत."

"दिसतोय म्हणालो मी. शेंग फुगेल, वाळेल, आत बिया वाजतील. शेंग वाजेपर्यंत नाव नाही."

"बरं, इथलाच आहे, का आपल्यासारखा बाहेरून पासवर आलाय?"

"आधी नाव, मग गाव."

शेंगा धरल्या, पण हिरव्यागार. बाबांचा व्हिजिट पास संपायला आठवडा उरलेला. त्यात गवत कापणारा माणूस मशीन घेऊन आला. बाबा झुडपाच्या आडवे उभे राहिले. "भैया, इसका नाम अभी पक्का नहीं हुआ."

"अंकल, ये तो जंगली घास है," तो म्हणाला. पण रव्याचे दोन लाडू खाऊन त्यानं झुडूप तेवढं सोडून दिलं.

हा पराक्रम बाबांनी रात्री जेवताना रंगवून सांगितला आणि मेघनाचा एकदम तोल गेला. "बाबा, माझ्या एकाही गॅदरिंगला तुम्ही नव्हतात. आणि त्या झुडपाला रोज भेटायला जाता!"

बाबांनी ताट पुढे सारलं.

दुसऱ्या दिवशी गाडीत वही मांडीवर मिटलेलीच होती. मग म्हणाले, "मेघना तीन वर्षांची होती. अकरा महिन्यांनी घरी येत होतो. पत्रातून आलेला फोटो खिशात होता, लाल फ्रॉकातला. कॉलनीच्या फाटकाशी पोरी खेळत होत्या. लाल फ्रॉकवाली उचलली, मुके घेतले, बाहुली दिली. ती किंचाळायला लागली. शेजाऱ्यांची पिंकी होती ती. मेघनाला फ्रॉक लहान झाला म्हणून पिंकीला दिलेला."

"आणि मेघना?"

"बाजूलाच उभी होती. बघत. तिच्या आईनं 'हे तुझे बाबा' म्हटलं, तर आईच्या पदरामागे गेली." त्यांनी वही उघडली आणि मिटली. "तिला नाही आठवत. तुम्ही सांगू नका."

मला फार वाईट वाटलं. बाबा गेले तेव्हा शेंगा हिरव्याच होत्या. वहीच्या त्या पानावर नावाची जागा कोरी राहिली.

त्यांना एअरपोर्टवर सोडून परतताना टॅक्सीतच मी मेघनाला सगळं सांगितलं. शब्द मोडला, पण बरं केलं. तिनं झुडूप नेमकं कुठे आहे ते विचारून घेतलं. पुढच्या शनिवारी मला न सांगता एकटी चांगीला गेली. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या शनिवारी औषधाच्या रिकाम्या डबीत काहीतरी घेऊन आली. "फोटो पाठवू का बाबांना?" मी विचारलं. "अजिबात नाही," म्हणाली.

यंदा बाबा आले. सामानाची गाडी ढकलत बाहेर पडले आणि नेहमीसारखे दोन पावलांवर थांबले. मेघनानं हाक मारली नाही. पर्समधून डबी काढली, काळपट वाळकी शेंग दोन बोटांत धरली आणि हलवली. त्या गर्दीत आवाज तो केवढा येणार! पण बाबांच्या कानांनी टिपला.

"ओळखलंत?" तिनं विचारलं.

"ओळखलं," बाबा म्हणाले आणि ती दोन पावलं चालून आले. शेंगेकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.